अकरा फूट

नाटकात चूल आणि आरामखुर्ची यांच्यामध्ये
अकरा फूट होते.
खडूनं मीच आखायचे ते.
नाशिकरोडला प्रेसमध्ये दिवसभर
दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या,
रात्री तालमीत दुसऱ्यांची वाक्यं.
प्रॉम्प्टर. विंगेतली बाई.
जाहिरातीत नाव नाही, पण माझ्या खोकल्यावर
तिघांच्या एंट्र्या ठरलेल्या.

एकच रात्र, रंगपंचमीची.
पेठेतली रहाड शांत झालेली,
सावकाराची मुलगी केशरी, निथळत
स्वयंपाकघरात येते
आणि घोड्यांच्या गड्याला म्हणते,
"पाणी दे."

एवढंच. आणि तो देत नाही
बावीस सेकंद.
मालेगावच्या प्रयोगाला मागून कुणी ओरडलं,
"विसरला रे!"
विसरला नव्हता.
उभ्या जागी अकरा फूट चालत होता.
तिथं मी कधी प्रॉम्प्ट दिलं नाही.
श्वाससुद्धा जपून घ्यायचे.

आता त्याचा सिनेमा होतोय.
दिग्दर्शक पोरगेलासा, गुणी, मला मावशी म्हणतो.
सावकाराची वायनरी झाली,
घोड्यांची काळी गाडी,
रहाडीच्या जागी द्राक्षं तुडवायचा हौद,
गंगापूर धरणाकडे तोंड करून
सगळा सेट.
मी त्याला बावीस सेकंदांचं सांगितलं.
म्हणाला, "मावशी, एडिटला चार होतील.
आणि अंतर कशाला?
कॅमेरा सरळ बोटांवर."

पण हिरोचे हात निघाले लोण्याचे.
मेकअपवाल्यानं माती चोळली, भेगा काढल्या,
मॉनिटरवर भेगा
रांगोळीसारख्या दिसायला लागल्या.

मग शेजारच्या बागेतून कुणीतरी आणला
सुरगाण्याचा चिंतामण भोये.
छाटणीला आलेला. अंगठ्याला कात्रीचा घट्टा,
नखांच्या कडेला मोरचुदाचं निळं.
"फक्त हात पाहिजेत," त्याला सांगितलं.
हिरोचा सदरा चढवला,
त्यावर किंमतीची चिठ्ठी अजून होती,
ती आत खोचली.
तोंड फ्रेमच्या बाहेर.

दिग्दर्शक म्हणाला,
"हात असा ने, जसं तुला हवंय."
चिंतामणनं विचारलं, "काय हवंय?"
लाइटवाली पोरं हसली.
दिग्दर्शक हसला नाही,
पण त्यालाही पटकन काही सुचेना.

तिनं हात पुढं केला.
चिंतामणचा हात ग्लासापाशी गेला आणि थांबला.
मी मोजत होते. सवय.
सात. अकरा.
हौदावर माशी घोंघावत होती.
सोळा.
कट म्हणायला कुणाचं तोंड उघडेना.
मग त्यानं ग्लास उचलला
आणि तिच्या हातात दिला नाही.
ओट्यावर ठेवला,
तिच्या बोटांपासून वीतभर अलीकडे,
आणि हात मागे घेतला,
चटका बसण्याआधीच घेतात तसा.

तिचा हात हवेतच.
तिला ठाऊक नव्हतं आता काय करायचं.
अभिनय नव्हता तो.

नंतर दिग्दर्शकानं विचारलं, "दिलं का नाहीस?"
"मालकाच्या घरात हातात देत नाय," तो म्हणाला,
"ठेवायचं असतंय."
जसं कात्री कशी धरायची
हे नव्या पोराला सांगावं.

तीस वर्षं.
दोनशे सदुसष्ट प्रयोग.
आमच्या गड्यानं प्रत्येक वेळी
पाणी तिच्या हातात दिलं, बोटं लागली,
आणि टाळी तिथंच पडली.
संहिता माझ्या मांडीवर उघडी होती.
एकदाही वाटलं नाही, चुकतंय.

जेवणाला दोन तंबू होते.
चिंतामण सदरा घडी करून परत देत होता,
चिठ्ठी पुन्हा बाहेर आलेली.
मी असिस्टंटला म्हटलं, नावं लिहितोस ना,
याचं लिही, भोये, य ला मात्रा.
तो म्हणाला, "हाताचं नाव नसतं हो मावशी."
लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

रात्री घरी जुनी वही काढली.
पान एकतीस, कंसात:
पाणी देतो.
पेन्सिल शोधली.